बीप वाजलं, खणलं आणि निघालं काय? तुम्हाला सापडलेली, लक्षात राहिलेली वस्तू

खुरपे_हेडफोन (तिलक नगर, इंदूर)

मंडळी, भाचा कॅनडाला परत जाताना बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून मेटल डिटेक्टर माझ्या गळ्यात मारून गेला. "मामा, रिटायर झालात, तेवढेच पाय मोकळे होतील." पाय मोकळे झाले, कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.

साडूंचं सांवेरच्या बाजूला शेत आहे. सोयाबीन निघाली की गहू पेरायच्या आधी आठ-दहा दिवस रान मोकळं असतं, तेवढ्यात आम्ही दोघं म्हातारे फिरून घेतो. मी हेडफोन लावून पुढे, साडू खुरपं घेऊन मागे. गावातली पोरं सुरुवातीला घोळक्याने यायची. आता ढुंकून बघत नाहीत, कारण यातून काय निघतं ते त्यांना कळून चुकलंय.

दोन वर्षांचा हिशेब वहीत आहे. गुटख्याच्या पुड्या (मोजणं सोडलं), बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, नांगराचा एक अख्खा फाळ, बैलगाडीच्या धावेचा हातभर तुकडा, आणि पत्र्या. शहरातल्यांसाठी सांगतो, पत्री म्हणजे बैलाची नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. मला आजवर ३१ मिळाल्या. चार बैलांच्या ३२ होतात. ती एक सापडेपर्यंत हा नाद सुटायचा नाही.

पण धागा काढतोय तो घंटेसाठी. गेल्या दिवाळीनंतर बांधाजवळ वीतभर खाली पितळेची घंटा निघाली, गुरांच्या गळ्यातली, आतला लोळा गळून गेलेला. साडूंनी अंगठ्याने माती पुसली, कडेचा टवका चाचपला आणि म्हणाले, "हा टवका मी पाडलाय. दगडानं. सातवीत होतो." मग बांधावर बसून राहिले. मी नांगराच्या पुढच्या तासाला लागलो.

तर तुम्हाला काय सापडलंय? मशीनने, खुरप्याने, झाडूने, कसंही चालेल. सोन्याचंच हवं असं नाही.

सुतळीबॉम्ब

मी पयला!! वाखुसा (वाचनखूण साठवली).

रच्याकने (बाय द वे) काका, देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराच्या मातीत एवढा कचरा? कचरागाडी शेतात येत नाही वाटतं.

खुरपे_हेडफोन

सांवेर आपल्या नगर निगमात नाही भिया. असतं तर ओला-सुका वेगळा करून पुरला असता.

वकीलीण_बाई (जेल रोड)

सुरुवातीलाच विरजण घालते, म्हणजे नंतर कुणी रडायला नको.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही किमती वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची असेल, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करायची हमी द्यायची. नाही कळवलं तर आपला हिस्सा गेला, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

चौकशीत मालक कुणीच निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, दोघांत वेगळा करार नसेल तर. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येते. तेव्हा काका, घंटेचं काय ते तुम्ही बघा, पण सोनंनाणं निघालं तर साडूंशी आधीच लिहून ठेवा. साडू-साडूंच्या केसेस मी पाहिल्यात.

आणि संरक्षित वास्तूजवळ तर खुरपंही नेऊ नका. १०० मीटरपर्यंत खाणकाम-बांधकामाला सरळ मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध.

सुतळीबॉम्ब

दहा रुपये??? दहा रुपयांत आता पोह्यांची अर्धी प्लेटसुद्धा येत नाही. म्हणजे काकांची पत्री भंगारात दहाच्या वर गेली की काका आत?

वकीलीण_बाई

१८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदीच्या आसपास होते हो. आकडा कुणी बदलला नाही, एवढंच. पत्रीसाठी कलेक्टर तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील.

कोथरूडचा_खडूस

कायदा राहू द्या, मुळात हा छंद म्हणून मिरवायचा प्रकार आहे का? पुरातत्त्वात वस्तूपेक्षा ती कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे महत्त्वाचं. तुम्ही हेडफोन लावून खड्डा केलात की ते पान कायमचं फाटलं. नाणं हातात राहतं, त्याचा पत्ता जातो. युरोपात शेतंच्या शेतं रात्रीतून उकरणारे चोर आहेत, त्यांच्याही हातात हेच मशीन असतं.

काळी_माती (राजेंद्र नगर, इंदूर)

खडूसराव, तत्त्वतः मान्य. पण माळव्यातलं नांगरलेलं शेत आणि मातीचे थर यावर थोडं बोलतो. मी माणूस इलेक्ट्रॉनिक्सचा, पण वडिलांची शेती होती.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते. भेगा अशा की पोराचा हात कोपरापर्यंत जावा. वर पडलेलं नाणं भेगेत जातं, पहिल्या पावसात भेग मिटते, नाणं फूटभर खाली. पुढच्या वर्षी दुसरी भेग, दुसरी जागा. ही माती दरवर्षी स्वतःलाच कालवते. वरून ट्रॅक्टर. त्यामुळे आमच्याकडे "खोल म्हणजे जुनं" हा नियम चालत नाही. मला एकाच खड्ड्यात वर एक जुना तांब्याचा पैसा आणि त्याच्या चार बोटं खाली मोबाइलच्या बॅटरीचं झाकण मिळालंय.

याच मातीत मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला धरणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात, म्हणून स्वस्तातलं मशीन इथे नुसतं कुरकुरत राहतं. मशीनची खालची चकती चुंबकीय लहर सोडते, सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी. धातूत तिच्यामुळे प्रवाह फिरायला लागतात आणि त्यांची उलट लहर चकतीला किंचित उशिरा पोचते. तो उशीर मोजून मशीन धातू ओळखतं. पण मातीच स्वतःची लहर परत पाठवायला लागली तर काय ओळखणार? म्हणून दर शंभर पावलांवर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीची लहर वजा करायची जुळणी, नव्याने करायचा. काका, करता ना?

खुरपे_हेडफोन

दर शंभर पावलांवर मी बसतो. त्यात करून घेतो.

कोथरूडचा_खडूस

काळी_माती, नांगराच्या पट्ट्यात थर राहत नाहीत हे ठीक. तरी जागा राहते. एका शेतात पाच नाणी, शेजारच्या शेतात एकही नाही, याचा अर्थ तिथे बाजार भरत असेल, वाट असेल, तळ पडला असेल. कुणी नकाशावर खूणच केली नाही तर तो अर्थ मेला. काकांच्या वहीत जागा आहेत का?

खुरपे_हेडफोन

आहेत की. "बाभळीपासून २२ पावलं विहिरीकडे." बाभूळ मागच्या वर्षी साडूंनी तोडली.

थेम्सकाठचा

मूळचा वैशाली नगरचा, आता लंडन. इकडचं सांगतो. इथे थेम्सच्या काठावर चिखल उपसायलाही परवाना लागतो. शेतात जायचं तर मालकाची परवानगी हवीच. किरकोळ सापडलेल्या वस्तूही लोक आपणहून नोंदवतात, १९९७ पासून त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. जागेसकट नोंद, वस्तू बहुतेकदा परत तुम्हाला. खडूसरावांना हवा तो नकाशा असा हौशी लोकांनीच भरत आणलाय.

आणि इकडची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. १९९२, सफोकमधलं हॉक्सन गाव. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने मित्राला बोलावलं, एरिक लॉज नावाचा म्हातारा, त्याच्याकडे मशीन होतं. हातोडा शोधता शोधता रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी, चमचे, दागिने निघायला लागले. पठ्ठ्याने थोडं बाहेर आल्याबरोबर खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन सगळं जागेवर नोंदवत काढलं. नाणीच जवळपास १५ हजार. बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं.

हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सुतळीबॉम्ब

हातोडा म्युझियममध्ये!! म्हणजे शेतकऱ्याला शेवटपर्यंत नवा हातोडा विकतच घ्यावा लागला की.

अवली_आजी (पूर्वी रामबाग, आता मुलाकडे बंगळूर)

आमच्याकडची गोष्ट सांगते. मशीन-बिशीन नव्हतं.

१९६३ साली सरकारने १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली, तुमच्यापैकी फार जणांना आठवत नसेल. लोक नुसते घाबरलेले. आज घडवू देत नाहीत, उद्या घरातलंही नेतील. सासऱ्यांनी एका रात्री सासूबाईंच्या चार पाटल्या पितळी डब्यात घातल्या, डबा मेणकापडात बांधला आणि वाड्याच्या मागच्या अंगणात पुरला. कुठे, ते फक्त त्यांना ठाऊक. सासूबाईंनी जन्मभर काचेच्या बांगड्यांवर काढली आणि एका शब्दाने विचारलं नाही. मामंजी गेले ते अर्धांगवायूने, वाचाच गेली होती. हाताने मागच्या दाराकडे दाखवायचे, आम्ही दार उघडून द्यायचो. वारा हवाय असं वाटायचं हो.

पुढे वाडा पडला तेव्हा तुळशीवृंदावनाच्या पायातून डबा निघाला. मजूर प्रामाणिक, त्याने हाक मारून दिला. सराफाकडे नेल्या. त्याने एक पाटली कसोटीवर घासली, तराजूत टाकली, परत उचलली आणि माझ्या नवऱ्याकडे बघत राहिला. दोन भरीव होत्या. दोन पोकळ, आत लाख. सासूबाई म्हणाल्या, "चारही भरीव होत्या, माझ्या वडलांनी घडवलेल्या."

मग हिशेब लागला. मोठ्या वन्संचं लग्न ६१ सालचं. त्याचा खर्च कुठून आला ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

बेलपत्र

आजी __/\__

निमाडी_मिरची

आजी, लाख भरलेली पाटलीसुद्धा मशीनमध्ये बीप वाजवते, बरं का. पत्रा सोन्याचाच ना.

सुतळीबॉम्ब

वकीलीणबाई, यात कलेक्टर?

वकीलीण_बाई

नाही रे. पुरणाऱ्याचे वारस तिथेच राहत होते आणि त्यांना माहीत होतं. १०० वर्षांच्या आत पुरलेलं असेल आणि हक्कदार पुढे आले, तर त्यांच्यासाठी कायद्यात जागा आहे.

उलटं उदाहरण आपल्या धारचं. २०२२ मध्ये जुनं घर पाडताना मजुरांना ८६ सोन्याची नाणी मिळाली. आठ जणांनी गुपचूप वाटून घेतली, पुढे पोलीस दारात. कळवलं असतं तर कायद्याने हिस्सा मागता आला असता.

सराफ्याचा_शेजारी (इंदूर)

मशीनवाल्यांनो, तुमच्या कितीतरी आधीपासून आमच्या सराफ्यात हे काम चालू आहे. रात्री तुम्ही भुट्टे का कीस आणि गराडू खाऊन निघून जाता. खाण्याची दुकानं आवरली, शटर लागली, की पहाटेच्या अंधारात ब्रश आणि लोखंडी तसराळं घेऊन माणसं येतात. मराठीत झारेकरी, इथे न्यारिये म्हणतात. ओट्यांच्या फटी, पायऱ्यांचे कोपरे, नालीचा गाळ, सगळं ब्रशने गोळा. पेढीच्या आतला कचरा तर सराफ विकतात, फुकट नाही देत.

मी लहानपणी एकाच्या मागे लागून बघितलंय. आधी सगळं जाळायचं, म्हणजे कागद, केस, लाकूड गेलं. राख चाळायची. चुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा. मग तसराळ्यात पाणी घालून गोल गोल हलवत राख सोडत जायची, जड ते तळाशी. शेवटी चमचाभर काळा गाळ उरतो. त्यात पारा घातला की सोन्याचे कण पाऱ्याला धरतात, पारा भट्टीत उडवला की मणी उरतो. मोहरीएवढा. ती पाऱ्याची वाफ वाईट, त्या माणसाचे हात कापायचे.

सापडण्यासारखं मला काही सापडलं नाही. त्याने एकदा तो मणी माझ्या तळहातावर ठेवला होता, अंगठ्याने दाबून धर म्हणाला, उडून जाईल. तेवढंच.

ग्वाल्हेरची_वहिनी

इंदूरवाले खाण्यावर आले! धागा भरकटला!

आता आमचं ऐका. लहानपणी दर सुट्टीत ऐकलेली गोष्ट: शिंद्यांचा खजिना किल्ल्यात, त्याचं नाव गंगाजळी. जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा युवराज लहान, आणि दार कुठे ते सांगायचं राहून गेलं. पुढे सापडला, कसा ते प्रत्येक आजीचं वेगळं. माझ्या आजीच्या आवृत्तीत खांबाला टेकून बसल्यावर खांब फिरतो. आत्याच्या आवृत्तीत साप वाट दाखवतो. बँकेतल्या शिलकीला आपण गंगाजळी म्हणतो, तेव्हा मला तो खांबच आठवतो.

निमाडी_मिरची (बडवाह)

आमची नर्मदा विसरलात. मोरटक्क्याच्या पुलावरून गाडी जाताना लोक "नर्मदे हर" म्हणून नाणं टाकतात. खाली नावेत पोरं बसलेली असतात. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक, त्याला सुतळी. पाण्यात सोडायचं, तळावरून ओढायचं, वर घ्यायचं. हल्लीची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटून येतात.

मी दहावीत असताना मामेभावाबरोबर एक दिवस केलं. ४७ रुपये आणि एक कुलूप. त्यात एक जाड नाणं आलं, राजाचं तोंड आणि पाठीवर वाघ. १९४७ चं. आम्ही नाचायला लागलो, चांदी म्हणून. सोनाराने बघितलं, म्हणाला, "चुंबकाला चिकटलं ना बेटा? मग चांदी कशी?" शेवटच्या वर्षी रुपया निकेलचा झाला होता, आणि निकेल चुंबकाला धरतं. ते अजून माझ्याकडे आहे. चांदीचं असतं तर मामेभावाने विकलं असतं.

बेलपत्र

इतका वेळ फक्त वाचत होतो. मी नाणी जमवतो, खणत नाही.

होळकरांची ओळखायची सोपी खूण सांगतो. महेश्वरच्या टांकसाळीची असतील तर शिवलिंग आणि बेलाचं पान. इंदूरची, म्हणजे मल्हारनगर टांकसाळीची असतील तर किरणांचा सूर्य, आणि नाव मात्र बादशहा शाह आलमचं. राज्य होळकरांचं, नाणं दिल्लीच्या नावाने, तेव्हाची रीत तशी होती. पुढे शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या पैशावर बसलेला नंदी येतो, संवत १९४३ पासून पुढची. काळी_माती, तुमच्या तांब्याच्या पैशावर बैल आहे का बघा.

आणि हात जोडून एक विनंती. सापडलेलं नाणं चिंच-मीठ लावून घासू नका. मी पहिलंच नाणं, बेलाचं पान असलेलं, आजोबांच्या पेटीत मिळालेलं, देवाची भांडी घासतात तसं घासून लख्ख केलं. सोळा वर्षांचा होतो. पुढे एका जाणकाराला कौतुकाने दाखवलं. त्याने भिंग लावलं, काढलं आणि विचारलं, "कुणी घासलं?" एवढंच. पानाच्या शिरा गेल्या होत्या. आजही ते वेगळ्या पाकिटात ठेवलंय, अल्बममध्ये लावायची हिंमत होत नाही.

काळी_माती

बैल आहे! अर्धा. पण आहे. आणि घासलेलं नाही, आळशीपणामुळे.

खजाना_१११

नमस्कार मी नवीन सदस्य. आमच्या गावात जुनी गढी आहे. जाणकार बाबांनी सांगितले आहे सात हंडे आहेत. कोणाकडे १५ फूट खोल बघणारे मशीन भाड्याने मिळेल का. हिस्सा देऊ.

सुतळीबॉम्ब

आला. वाटच बघत होतो.

काळी_माती

भाऊ, नाणं वीतभर खाली असेल तर मशीनला कळतं. मोठा हंडा असेल तर जरा जास्त. "१५ फूट सोनं दाखवतं" असं सांगून विकणारा तुम्हालाच हंडा समजतोय.

वकीलीण_बाई

आणि असीरगड आठवा. मार्च २०२५, एका ऐतिहासिक चित्रपटानंतर अफवा उठली की तिथल्या शेतात मुघलांची सोन्याची नाणी आहेत. रात्री टॉर्च, कुदळी, मशीनं घेऊन गावंच्या गावं उतरली. ज्यांची शेतं होती त्यांना सकाळी नुसते खड्डे मिळाले. १८७८ चा कायदा वर लिहिलाय, तुमची गढी संरक्षित असेल तर आणखी कलमं लागतील. बाबांना कलमं लागणार नाहीत, तुम्हाला लागतील.

खजाना_१११

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

महूकर

गढीवरून आठवलं, महू परिसरातल्या हौशींना कळकळीने सांगतो. लष्कराच्या फायरिंग रेंजच्या आसपास मशीन घेऊन फिरू नका, कुणी कितीही सांगो. तिथे बीप वाजतं ते न फुटलेल्या गोळ्याचंही असू शकतं. भंगारासाठी तिथे जाणाऱ्यांचे जीव गेलेत. गंजलेला, लांबट, एका टोकाला निमुळता असा लोखंडी तुकडा कुठेही दिसला तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

मला काय सापडलं ते नंतर लिहितो, फार काही नाही. वर्दीचं बटण आहे.

मोत्याची_कुडी (इंदूर)

मी इथे फक्त वाचायला असते, पण आज मदत हवी आहे. परवा बायपासजवळच्या एका लॉनवर चुलतभावाचं लग्न होतं. आईची उजव्या कानातली कुडी पडली. मोत्यांची, सोन्याच्या तारेत बांधलेली, तिच्या आजीची. फिरकी सैल झाली होती म्हणून आईने मळसूत्राला काळा दोरा गुंडाळला होता, तो सुटला असणार. फोटोत मंगलाष्टकांपर्यंत कानात आहे, पंगतीच्या फोटोत नाही. लॉनवाल्यांनी "साफसफाई हो गई मॅडम" म्हणून फोन ठेवला. खुरपे_हेडफोन काका, येऊ शकाल का?

खुरपे_हेडफोन

रविवारी सकाळी सात. लॉनवाल्यांची परवानगी लेखी घेऊन ठेव. पोहे तुझ्याकडे.

काळी_माती

काका, महत्त्वाचं. मशीनवर चांदीचा कागद गाळायची सोय बंद ठेवा. मोती मशीनला कळतच नाही, तुमच्याकडे फक्त ती बारीक तार आणि फिरकी आहे. आणि एवढ्याशा सोन्याचा मशीनवरचा आकडा चॉकलेटच्या कागदाजवळच येतो. कागद गाळलात की कुडीही गाळली. सगळे भिकार आवाज खणावे लागतील.

सुतळीबॉम्ब

लग्नाच्या लॉनवर सगळे भिकार आवाज. ऑल द बेस्ट काका.

थेम्सकाठचा

अवांतर: बारीक धातू शोधायला लोखंड कसं आडवं येतं याचं नामांकित उदाहरण. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात गोळी अडकली होती. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने ती शोधायला यंत्र केलं, हेच तत्त्व. यंत्र ठीक होतं, पण पलंगाच्या गादीत स्प्रिंगा होत्या. सगळीकडेच वाजायला लागलं.

खुरपे_हेडफोन

रविवारचा वृत्तांत.

सात वाजता पोचलो. चौकीदार म्हणाला, "क्या भिया, बम ढूँढ रिये हो?" कुडीच्या आईही आल्या होत्या, पांढरी साडी, डाव्या कानात कुडी, उजवा मोकळा. दोऱ्या बांधून पट्टे पाडले. तीन तासांत ५८ खड्डे, प्रत्येक हिरवळीचा तुकडा उचलून परत बसवलेला (मी लॉनवाल्याला शब्द दिला होता). निघालं काय: ३९ कागद, ११ झाकणं, गजऱ्यांच्या तारा, एक छोटी किल्ली, एक चांदीचं जोडवं. साडेदहाला ऊन चढलं. जोडवं बघून क्षणभर सगळ्यांच्या पोटात धस्स झालं, पण नाही.

पोहे चांगले होते. वरचा जीरावन मसाला जास्त.

मोत्याची_कुडी

काका, आई रात्री म्हणत होती राहू द्या आता. मीही तेच म्हणते.

खुरपे_हेडफोन

बुधवारी परत जातोय. शामियान्याच्या एका खुंटाजवळ मशीन नुसतं घरघरत होतं, तिथे आम्ही वळसा घातला. थेम्सकाठच्याच्या स्प्रिंगा डोक्यातून जात नाहीयेत.

खुरपे_हेडफोन

बुधवार. खुंट हातभर लांबीचा, जमिनीत तुटून राहिलेला. साडू, चौकीदार आणि मी, तिघांनी सब्बलीने (पहारीने) काढला. खुंट गेला आणि जमीन शांत झाली. मग चकती फिरवली तर एक बारीकसा आवाज, कागदाचाच आकडा, खड्ड्याच्या कडेला. गवताच्या मुळांत फिरकी. नखाएवढीही नाही. मळसूत्रात काळ्या दोऱ्याचा तुसासारखा एक धागा अडकलेला. मी तो फुंकर न मारता तसाच ठेवला.

कुडी तिथून दोन विती. मोत्यांवर चिखल, एक मोती निखळलेला, तो नाही मिळाला. फोन केला तर आई रिक्षाने आल्या. कुडी हातात घेतली नाही आधी. फिरकी घेतली, दोरा बघितला. मग म्हणाल्या, "चहा घेतलात का तुम्ही?"

मोत्याची_कुडी

मी ऑफिसात रडतेय आणि सगळे विचारताहेत.

ग्वाल्हेरची_वहिनी

काका, इंदूरचे सगळे गुन्हे माफ.

कोथरूडचा_खडूस

या खड्ड्यांना माझी हरकत नाही. खुंटाची जागा वहीत लिहिलीत का?

खुरपे_हेडफोन

लिहिली. या वेळी पावलांऐवजी टेपने.

बेलपत्र

महूकर, बटणाचं राहिलं.

महूकर

हो. आमच्या बंगल्यामागे आंब्याचं आळं खणताना निघालं. पितळी, मागे कडी, पुढचं चिन्ह झिजून गेलेलं. कुठल्या पलटणीचं ते दोघांना विचारलं, दोघांनी वेगवेगळी सांगितली. बायको ते बरणीच्या फडक्याला लावते.

अवली_आजी

खुरपे, जोडव्याचं काय केलंत? कुणी तरी बोटं चाचपत बसली असेल.

वकीलीण_बाई

तेच विचारणार होते. लपवलेलं आणि हरवलेलं यात फरक आहे. हरवलेली वस्तू उचललीत की १८७२ च्या करार कायद्याने ती नीट सांभाळायची जबाबदारी तुमची, मालक मिळेपर्यंत. कलेक्टर नकोत, काळजी हवी.

खुरपे_हेडफोन

जीरावनच्या रिकाम्या डबीत, कापसात ठेवलंय. लॉनच्या फाटकावर चिठ्ठी लावून आलो, माझा नंबर देऊन. चार दिवसांत तीन बायकांचे फोन आले, तिघींचंही हरवलंय म्हणे.

सुतळीबॉम्ब

काका, तिसरा फोन माझ्या वहिनीचा होता. त्याच लॉनवर, गेल्या महिन्यात. खरंच.

खुरपे_हेडफोन

असेल बाबा. तिला विचार जोडव्याला वेढे किती, आणि आतल्या बाजूला काय खूण आहे. बरोबर सांगितलं की डबीसकट घेऊन जा. जीरावनचा वास जाईपर्यंत मात्र तिला धुवायला सांग.